पाच एजंट एकाच कोडबेसवर: प्रत्येक ब्रँच हिरवी, मर्ज केलं की टेस्ट लाल

(प्रोग्रामरांच्या मंचावरची चर्चा. प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओळक्रमांक

एका संस्थेसाठी लिहिलेलं ॲप्लिकेशन आता अनेक संस्थांसाठी एकाच डेटाबेसवर चालवायचं आहे, म्हणजे मल्टी-टेनंट करायचं आहे (टेनंट म्हणजे त्यातली एकेक संस्था). बॅकएंड जँगो, डेटाबेस पोस्टग्रेस, पुढे रिॲक्ट आणि टाइपस्क्रिप्ट, सगळं एकाच रेपॉझिटरीत. १४ जँगो ॲप, ६२ मॉडेल, साधारण १,८०० टेस्ट. पाच कोडिंग एजंट (स्वतःहून कोड लिहिणारे एआय) एकाच वेळी चालू आहेत, प्रत्येकाला वेगळी गिट वर्कट्री (त्याच रेपॉझिटरीचं वेगळं कामाचं फोल्डर) आणि वेगळी ब्रँच. वाटणी अशी: एकाकडे मॉडेल, एकाकडे एपीआय, एकाकडे फ्रंटएंड, एकाकडे बॅकग्राउंड जॉब आणि पाचव्याकडे टेस्ट.

अडचणी चार आहेत.

प्रत्येक ब्रँचवर टेस्ट हिरव्या (पास) असतात, पण तीन ब्रँच मेनमध्ये, म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये, आल्या की दहा-बारा लाल (नापास) होतात. गिट मात्र एकही कॉन्फ्लिक्ट दाखवत नाही. मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलींत) दर मर्जनंतर 'एकापेक्षा जास्त लीफ नोड' ही एरर येते, म्हणजे साखळीला एकाहून जास्त टोकं होतात. 'चालू टेनंट कोणता' हे काढणारं फंक्शन चार ठिकाणी चार नावांनी लिहिलं गेलंय. आणि काही टेस्ट कारण नसताना पडतात, पुन्हा चालवल्या की पास होतात. तेवढ्यात एजंट त्या 'दुरुस्त' करायला घेतो आणि चांगला कोड बिघडवतो.

वाटणी कशी करावी? या सगळ्यांवर एक मॅनेजर एजंट बसवून फरक पडेल का? आणि पाच हा आकडा जास्त आहे का?

---

सुईदोरा

मूळ दुखणं वाटणीत आहे. तुम्ही थरांप्रमाणे काम वाटलंय. त्यात मॉडेलवाला एजंट जे नाव ठरवतो ते एपीआयवाल्याला माहीत नसतं, मग तो अंदाज बांधतो. फ्रंटएंडवाला एपीआयच्या उत्तराचा अंदाज बांधतो, टेस्टवाला या तिघांचा. प्रत्येकाचा अंदाज आपल्या जागी शहाणाच असतो, फक्त एकमेकांशी जुळत नाही. चार नावांची चार फंक्शनं त्यातूनच आली. त्या फंक्शनची गरज चौघांना होती आणि सुरुवात झाली तेव्हा ते मेनवर नव्हतं.

हे काम तीन टप्प्यांचं आहे आणि एजंट समांतर चालवायचे ते फक्त मधल्या टप्प्यात.

पहिला टप्पा एकाच एजंटचा. त्यात टेनंटचं मॉडेल, रिक्वेस्टमधून टेनंट ठरवणारं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो कोड), चालू टेनंट देणारं एकच फंक्शन, टेनंटप्रमाणे नोंदी गाळून देणारा जँगोचा मॅनेजर आणि एक जँगो ॲप वरपासून खालपर्यंत पूर्ण करून दाखवलेलं, एवढं मेनवर आलं पाहिजे. हे नमुन्याचं ॲप फार कामाचं असतं. एजंटला पानभर सूचना देण्यापेक्षा 'अमुक ॲपमध्ये जसं केलंय तसं इथे कर' असं सांगितलं की तो जवळजवळ तसंच करतो. नमुना निवडताना सर्वात सोपं ॲप घेऊ नका. फॉरेन की, युनिक कन्स्ट्रेंट, कॅश आणि एखादा बॅकग्राउंड जॉब, हे चारही ज्यात आहेत असं घ्या. नाहीतर नमुन्यात नसलेल्या गोष्टी प्रत्येक एजंट आपापल्या पद्धतीने सोडवेल आणि पुन्हा चार नावं होतील.

मायग्रेशनचा प्रश्नही याच टप्प्यात मिटतो. ६२ मॉडेलना टेनंटची फॉरेन की जोडणं हे यांत्रिक काम आहे. ते एकाच एजंटने एका झटक्यात करावं, कॉलम नल चालणारा ठेवून. मोठ्या टेबलांवर इंडेक्स वेगळा, कॉन्करंट पद्धतीने (टेबलात लिहिणं न अडवता) बांधायचा. त्यासाठी ते मायग्रेशन अ‍ॅटॉमिक ठेवता येत नाही, कारण पोस्टग्रेस असा इंडेक्स ट्रान्झॅक्शनच्या आत बांधू देत नाही. मधल्या टप्प्यात मायग्रेशनवर सरसकट बंदी. सीआयमध्ये (ब्रँच आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) मायग्रेशन्स फोल्डरमधला बदल दिसला की बिल्ड पाडायचा. जुना डेटा भरणं, नॉट नल लावणं, युनिक कन्स्ट्रेंट बदलणं हे तिसऱ्या टप्प्यात, पुन्हा एकाच एजंटकडे. पोस्टग्रेस १२ पासून एक सोय आहे: 'नल नाही' असा चेक कन्स्ट्रेंट आधी लावून व्हॅलिडेट केला असेल तर नॉट नल लावताना पूर्ण टेबल पुन्हा वाचलं जात नाही, त्यामुळे टेबल फार वेळ लॉक राहत नाही.

मधला टप्पा ॲपप्रमाणे वाटा. एका एजंटकडे एक जँगो ॲप: त्याचे व्ह्यू, सीरियलायझर, जॉब, त्याची स्क्रीन आणि त्याच्या टेस्ट. आधी आयात-आलेख, म्हणजे कुठलं ॲप कुठल्या ॲपचा कोड वापरतं त्याचा नकाशा, काढून बघा. ज्या ॲपवर बाकीचे अवलंबून आहेत ती आधी, एकेक करून. एकमेकांना हात न लावणारी ॲप मग एकत्र सोडा. १४ पैकी सात-आठच खरोखर स्वतंत्र निघाली तरी ते पुष्कळ झालं.

प्रत्येक एजंटला एक टिपण द्यायचं आणि ते रेपॉझिटरीतच कमिट करायचं. गप्पांमध्ये दिलेली सूचना एजंटचा संदर्भ (त्याच्यासमोर एका वेळी असलेला मजकूर) भरला आणि आटवला गेला की हरवते. फाइल मात्र पुन्हा वाचता येते. टिपण एवढं पुरे:

काम: इन्व्हॉइस ॲप टेनंटप्रमाणे गाळणं. नमुना: ऑर्डर्स ॲप.
हात लावायचा: इन्व्हॉइस फोल्डर, फ्रंटएंडमधला इन्व्हॉइस फोल्डर.
हात लावायचा नाही: मायग्रेशन, टेनंट फोल्डर, सेटिंग्ज, मुख्य यूआरएल फाइल, पॅकेजच्या लॉक फाइल.
वापरायचं: टेनंट फोल्डरमधलं चालू-टेनंट फंक्शन. नवं लिहायचं नाही.
काम संपलं कधी: इन्व्हॉइसच्या टेस्ट पास, टाइप तपासणी पास, आणि 'दुसऱ्या टेनंटचं बिल उघडलं तर ४०४' ही टेस्ट प्रत्येक एंडपॉइंटला.
थांबायचं कधी: यादीबाहेरची फाइल बदलावीशी वाटली तर बदलू नकोस, कारण लिहून थांब.

शेवटची ओळ सर्वात महत्त्वाची. एजंटला थांबायची परवानगी दिली नाही तर तो वाट काढतोच, आणि ती वाट बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हद्दीतून जाते. यादी पाळली गेली का हे त्याला विचारू नका. मेनपासून बदललेल्या फाइलींची नावं गिट डिफकडून घ्या आणि टिपणातल्या यादीशी स्क्रिप्टने ताडून पाहा. हा तपास सीआयमध्ये ठेवा. गिटच्या प्री-कमिट हुकमध्ये ठेवला तर 'नो व्हेरिफाय' देऊन तो ओलांडता येतो, आणि अडलेला एजंट तसं करतो.

मुख्य यूआरएल फाइल, सेटिंग्ज, भाषांतराच्या फाइल, लॉक फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) या सगळ्या एजंटांना लागतात. त्यांना एकच मालक हवा. एजंटने 'मला ही यूआरएल जोडून हवी' असं टिपणात लिहायचं, जोडणारा एकच. लॉक फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट आला तर हाताने सोडवू नये. मेनची प्रत घ्यावी आणि पॅकेज मॅनेजरकडून नव्याने बनवून घ्यावी.

---

तळटीप

कारण नसताना पडणाऱ्या टेस्टबद्दल. वर्कट्रीने फक्त फाइली वेगळ्या होतात. बाकी सगळं सामायिकच राहतं आणि तुमचं दुखणं तिथेच असणार.

आधी टेस्टचा डेटाबेस बघा. जँगो तो 'टेस्ट' हा उपसर्ग लावून बनवतो, आणि पाचही वर्कट्रींत सेटिंग्ज तीच असल्याने नावही तेच. दुसऱ्या एजंटने टेस्ट सुरू केल्या की तो आधीचा डेटाबेस पाडायला जातो. पहिल्याचं कनेक्शन उघडं असेल तर पोस्टग्रेस नकार देतं आणि दुसऱ्याच्या टेस्ट सुरूच होत नाहीत. पहिल्याच्या टेस्ट नुकत्याच संपल्या असतील तर सगळं सुरळीत. म्हणून कधी पडतं, कधी चालतं. पायटेस्टच्या (पायथनमधलं टेस्ट चालवायचं साधन) समांतर वर्करनेही सुटका नाही, कारण पहिल्या वर्करला जोडला जाणारा प्रत्यय दोन्ही वर्कट्रींत सारखाच असतो. उपाय: टेस्ट डेटाबेसचं नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या आणि त्यात वर्कट्रीचं नाव घाला.

रेडिसही तसंच. सेलरीचे (बॅकग्राउंड जॉब चालवणारं साधन) पाच वर्कर एकाच ब्रोकरवर, म्हणजे कामांची रांग सांभाळणाऱ्या एकाच रेडिसवर, असतील तर एका ब्रँचने रांगेत टाकलेलं काम दुसऱ्या ब्रँचचा कोड उचलतो. 'असं टास्क नोंदलेलंच नाही' अशी एरर दिसली तर हेच आहे असं समजा. रेडिसमध्ये मूळ सेटिंगनुसार १६ डेटाबेस असतात, ० ते १५. प्रत्येक वर्कट्रीला एक क्रमांक द्या.

फ्रंटएंड व्हीटवर (फ्रंटएंड चालवून दाखवणारा सर्व्हर) असेल तर पोर्ट सांभाळा. ५१७३ आधीच घेतलेला असला तर व्हीट मुकाट्याने ५१७४ वर सरकतं. ब्राउझर टेस्टमध्ये मात्र ५१७३ लिहिलेला असतो. म्हणजे दुसरा एजंट पहिल्याची स्क्रीन बघून 'माझा बदल दिसत नाही' म्हणत बसतो. 'स्ट्रिक्ट पोर्ट' चालू करा म्हणजे निदान एरर तरी येईल, आणि वर्कट्रीगणिक पोर्टचा पट्टा ठरवून टाका.

डॉकर कंपोझ (डेटाबेससारख्या सेवा कंटेनरमध्ये चालवणारं साधन) प्रोजेक्टचं नाव फोल्डरच्या नावावरून घेतं, त्यामुळे वर्कट्रींची फोल्डर-नावं वेगळी असली की कंटेनर आणि व्हॉल्यूम आपोआप वेगळे होतात. पण कंपोझ फाइलमध्ये कुणी कंटेनरचं नाव ठोकून लिहिलं असेल तर ते काढावं लागेल.

आणि एक गोष्ट जी सहसा उशिरा कळते: गिटचा स्टॅश (अर्धवट बदल बाजूला ठेवायची जागा) सगळ्या वर्कट्रींचा मिळून एकच असतो. एका एजंटने 'स्टॅश' केलं, तेवढ्यात दुसऱ्यानेही केलं, मग पहिल्याने 'स्टॅश पॉप' केलं, की त्याच्या हातात दुसऱ्याचे बदल येतात. दुसरा मग आपलं काम शोधत बसतो आणि सापडलं नाही की नव्याने लिहितो. एजंटच्या सूचना-फाइलमध्ये स्टॅशला साफ मनाई करा. अर्धवट काम बाजूला ठेवायचं तर आपल्या ब्रँचवर तात्पुरता कमिट करावा, शेवटी स्क्वॉश होतोच, म्हणजे सगळे कमिट एकात मिळतात.

हे सगळं करणारी एक सेटअप स्क्रिप्ट लिहा: वर्कट्री बनव, डॉट ईएनव्ही फाइल तयार कर, पोर्ट आणि रेडिस क्रमांक दे, डेटाबेस बनव, पॅकेज बसव. नवी वर्कट्री ट्रॅक न होणाऱ्या फाइली सोबत आणत नाही, म्हणून ईएनव्ही फाइल नसली की एजंट स्वतःच एक लिहितो, आणि त्यात कुठला डेटाबेस घालेल याचा नेम नाही. डेटाबेस लवकर बनवायचा तर एक भरलेला नमुना डेटाबेस ठेवून त्याला टेम्पलेट म्हणून वापरा. प्रत काढताना त्या टेम्पलेटला दुसरं कुणी जोडलेलं नसावं, एवढीच अट.

---

दुसरीनजर

गिटने कॉन्फ्लिक्ट न दाखवता टेस्ट लाल का होतात, ते एका उदाहरणावर बघू.

चालू-टेनंट फंक्शन टेनंट नसला तर नन (पायथनमधलं 'काहीच नाही') परत देतं असं समजा. पहिल्या ब्रँचवर एजंटने ते बदललं: टेनंट नसला तर आता एक्सेप्शन. त्याने त्या वेळी दिसणारे सगळे कॉलर (ते फंक्शन वापरणारा कोड) सुधारले, टेस्ट हिरव्या. दुसऱ्या ब्रँचवर, जुन्याच मेनवरून, दुसऱ्या एजंटने लॉगिननंतरचं नवं पान लिहिलं. त्यात 'नन आलं तर संस्था निवडायच्या पानावर पाठव' असं आहे. त्याच्याही टेस्ट हिरव्या. दोन बदल दोन फाइलींत, गिटला तक्रार करायला जागाच नाही. मर्ज झाल्यावर मात्र ते पान ५०० (सर्व्हरची एरर) देतं.

गिट ओळी जुळवतं, अर्थ जुळवत नाही. म्हणून ब्रँच हिरवी आहे एवढ्यावर मर्ज करायचं नाही. आजच्या मेनवर ती ठेवल्यावर हिरवी राहते का, ते बघायचं. मर्ज क्यू हेच करतो: रांगेतली ब्रँच ताज्या मेनवर चढवून टेस्ट चालवतो आणि पास झाली तरच आत घेतो. क्यू नसेल तर नियम हातानेही पाळता येतो. एका वेळी एकच मर्ज, मर्जनंतर बाकी सगळ्यांनी रीबेस करायचं (आपली ब्रँच ताज्या मेनवर चढवायची) आणि पूर्ण टेस्ट चालवायच्या. तीन ब्रँच एकदम घेतल्यात, म्हणून कुठल्या दोघींचं पटलं नाही ते कळेना.

कोणत्या ब्रँच एकमेकींना धडकणार हे आधी बघायचं तर गिट मर्ज-ट्री वापरा. गिट २.३८ पासून ते 'राइट-ट्री' पर्यायासह खरा मर्ज करून दाखवतं, तेही वर्किंग फोल्डरला हात न लावता. कॉन्फ्लिक्ट असेल तर एक्झिट कोड १. पाच ब्रँचच्या दहा जोड्या होतात, दर तासाला स्क्रिप्टने तपासल्या तरी फार वेळ लागत नाही. अर्थाची टक्कर त्यात दिसणार नाही, पण ओळींची दुपारीच कळेल.

सामायिक फंक्शनचं वागणं बदलायचंच असेल तर तीन पायऱ्यांत करा. नव्या नावाने नवं फंक्शन आणा, कॉलर एकेक करून हलवा, कुणी उरलं नाही की जुनं काढा. दोन्ही एकत्र नांदत असतात तोवर कुठलीही ब्रँच मोडत नाही.

टेनंटच्या कामात अजून दोन जागा आहेत जिथे सगळे एजंट हिरवं दाखवतील आणि तरीही गळती राहील. एक, जँगोत गाळणारा मॅनेजर लावला तरी फॉरेन कीवरून पलीकडची वस्तू काढताना बेस मॅनेजर वापरला जातो, आणि तो गाळत नाही. दोन, पोस्टग्रेसची रो-लेव्हल सिक्युरिटी (कुणाला टेबलातल्या कुठल्या ओळी दिसाव्यात याचे नियम, म्हणजे पॉलिसी) लावली तरी टेबलाच्या मालकाला ती लागू होत नाही. जँगो बहुधा मालक असलेल्या यूजरनेच जोडतं, कारण मायग्रेशन त्यानेच चालवलेली असतात. म्हणजे पॉलिसी चुकीची असली तरी टेस्ट पास. 'फोर्स' लावा किंवा ॲप्लिकेशनला वेगळा यूजर द्या. टेस्टसाठी सुपरयूजर तर मुळीच नको, त्याला 'फोर्स'ही अडवत नाही. हे दोन्ही मुद्दे सुईदोरांनी सांगितलेल्या पहिल्या टप्प्यातच सोडवून टेस्टमध्ये बांधा, पाच एजंटांच्या समजुतीवर सोडू नका.

---

ओळक्रमांक

टेस्ट डेटाबेसचं नाव सगळीकडे तेच निघालं, रेडिसही एकच. वाटणी ॲपप्रमाणे बदलतो. मॅनेजर एजंटचं मात्र कुणी बोललं नाही. आणि टेस्ट लिहिणारा एजंट वेगळा ठेवावा की नाही?

---

मोजपट्टी

मॅनेजर एजंटकडून काय करून घ्यायचं यावर सगळं आहे. काम वाचून त्याचे तुकडे सुचवणं, आयात-आलेख काढणं, टिपणांचा कच्चा मसुदा, कुठली ब्रँच कुठे अडलीय याचा तक्ता, हे तो चांगलं करतो. एजंटांनी एकमेकांशी बोलून डिझाइन ठरवायचं आणि मॅनेजरने निवाडा करायचा, ही रचना मात्र कोडच्या कामात तग धरत नाही. एका एजंटने दुसऱ्याला निरोप दिला की त्यामागची कारणं गाळली जातात. पलीकडचा एजंट ती रिकामी जागा स्वतःच्या अंदाजाने भरतो. मॅनेजर मधे घातला की निरोप दोनदा आटतो.

खर्चही बघा. अँथ्रॉपिकने जून २०२५ मध्ये आपल्या बहु-एजंट संशोधन प्रणालीबद्दल लिहिताना सांगितलं होतं की साध्या गप्पांच्या तुलनेत एकटा एजंट साधारण ४ पट टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर खर्च मोजतात) वापरतो आणि बहु-एजंट रचना साधारण १५ पट. त्याच लेखात हेही होतं की बहुतेक कोडिंगच्या कामांत खरोखर समांतर करता येण्याजोगे भाग संशोधनाच्या मानाने कमी असतात. शोधायला, वाचायला एजंट कितीही लावा, त्यांचं वाचणं एकमेकांना मोडत नाही. लिहिणारे मात्र मोजके ठेवा. 'या मॉडेलचा वापर कुठे कुठे होतो' हे शोधायला पाच वाचक-एजंट सोडून त्यांच्याकडून फाइल आणि ओळ क्रमांकांची यादी घ्यावी आणि बदल एकाने करावा, ही रचना सर्वात कमी त्रासाची.

किती एजंट, याचा हिशोब ॲमडालच्या १९६७ च्या नियमाने करता येतो: एकामागोमागच होणारा भाग एकूण वेगाला मर्यादा घालतो. पहिला टप्पा, मर्ज आणि माणसाने केलेला रिव्ह्यू मिळून ३० टक्के काम एकामागोमाग होणारं आहे असं धरा. ५ एजंटनी वेग २.२७ पट होतो. १० एजंट केले तर २.७. अनंत केले तरी ३.३३ च्या पुढे जात नाही. उलट एजंटांच्या जोड्या १० वरून ४५ वर जातात, म्हणजे टकरीच्या जागा साडेचारपट. वेग वाढवायचा असेल तर सहावा एजंट आणू नका, ते ३० टक्के कमी करा: टेस्टचा वेळ अर्ध्यावर आणा, बदल लहान ठेवा. एका माणसाला दिवसभरात नीट वाचून होईल तेवढेच बदल तयार होऊ द्यायचे. रिव्ह्यूसाठी दोनपेक्षा जास्त ब्रँच थांबलेल्या असतील तर नवा एजंट सुरू करू नका. थांबलेली ब्रँच रोज शिळी होत जाते आणि तिचा रीबेस अवघड होत जातो.

टेस्टबद्दल: तोच एजंट कोड आणि टेस्ट लिहितो तेव्हा टेस्ट कोडचा आरसा होते. कोड जे करतो तेच ती मागते, मग ते चूक का असेना. म्हणून दोन प्रकार वेगळे करा. आतल्या युनिट टेस्ट कोड लिहिणाऱ्यानेच लिहाव्यात. 'दुसऱ्या टेनंटचं काही दिसता कामा नये' या स्वीकृती टेस्ट मात्र आधी, वेगळ्या एजंटने, फक्त टिपण वाचून लिहाव्यात, त्या लाल असताना मेनवर 'अपेक्षित अपयश' अशी खूण करून टाकाव्यात, आणि ते फोल्डर कोड लिहिणाऱ्याला बंद. खूण काढायचं काम मर्ज करणाऱ्याचं. जँगोत आणि पायटेस्टमध्ये अशी खूण कडक ठेवता येते: टेस्ट अनपेक्षितपणे पास झाली तर तेही अपयश धरलं जातं, त्यामुळे कुठलं काम पूर्ण झालं ते आपोआप कळतं.

टेस्ट फाइलींतले बदल रिव्ह्यूत सर्वात आधी वाचा, कोड नंतर. शोधायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: काढून टाकलेला असर्ट (टेस्टमधली तपासणीची ओळ), नव्याने आलेला स्किप (टेस्ट वगळणं), 'बरोबर ४०४' च्या जागी '४०० किंवा मोठा', आणि जे तपासायचं त्याचंच मॉक (खऱ्याच्या जागी ठेवलेली नक्कल). यातलं काहीही दिसलं की पुढे वाचायची गरज नाही, ब्रँच परत.

---

दुसरीनजर

मोजपट्टींना एक पुरवणी. रिव्ह्यू एजंट लावणार असाल तर त्याला कोऱ्या संदर्भाने सुरू करा आणि फक्त टिपण आणि डिफ द्या. कोड लिहिणाऱ्या एजंटचा खुलासा देऊ नका. तो वाचला की रिव्ह्यू करणारा त्याच रुळावरून विचार करतो आणि होकार देतो. दोष शोध म्हटलं की तो दहा दोष शोधतोच, म्हणून अट घाला: प्रत्येक दोषासोबत पडणारी टेस्ट किंवा नेमकी रिक्वेस्ट हवी. जे असं दाखवता येत नाही ते वेगळ्या यादीत. पहिली यादी दुरुस्त करायची, दुसरी माणसाने चाळायची.

फॉरमॅटरचंही (कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन) एक लक्षात ठेवा. एजंटने दोन ओळींच्या बदलासाठी अख्खी फाइल नव्याने मांडली की डिफ वाचता येत नाही आणि शेजारच्या ब्रँचला खोटे कॉन्फ्लिक्ट येतात. एजंट सोडण्याआधी मेनवर एकदा पूर्ण फॉरमॅट करून घ्या आणि फॉरमॅटरची आवृत्ती ठाम बांधून ठेवा.

---

ओळक्रमांक

सध्याच्या पाच ब्रँचचं काय करावं? थोडंफार काम चांगलं झालेलं आहे. आणि पुढे एखादा एजंट अडकलाय हे कधी मानायचं?

---

सुईदोरा

मॉडेलची ब्रँच ठेवा, तीच पहिल्या टप्प्याचा पाया होईल. त्यातली मायग्रेशन काढून टाका आणि मेनवरून एकदाच नव्याने बनवा. बाकी चार मर्ज करू नका. त्यातून दोन गोष्टी वेचा: टेस्टमधली वेगळी प्रकरणं आणि चार चालू-टेनंट फंक्शनांतली सर्वात बरी. एखाद्या वाचक-एजंटला चारही ब्रँच दाखवून 'कुठल्या ब्रँचने असं काही हाताळलंय जे बाकीच्यांनी सोडलंय' एवढीच यादी मागा. बॅकग्राउंड जॉबच्या ब्रँचकडे खास बघा. जॉबला रिक्वेस्ट नसते, त्यामुळे मिडलवेअरने ठरवलेला टेनंट तिथे पोचत नाही, टेनंटचा आयडी जॉबच्या आर्ग्युमेंटमधून न्यावा लागतो. ते त्या एजंटने सोडवलं असेल तर ती रीत नमुन्याच्या ॲपमध्ये घ्या.

अडकल्याच्या खुणा: तीच टेस्ट तीन प्रयत्नांनंतरही लाल, डिफ ४०० ओळींच्या पुढे, यादीबाहेरची फाइल, किंवा त्याने एकच फाइल तीन-चारदा उलटसुलट बदलली. यातलं काही झालं की त्याच संभाषणात समजावत बसू नका. चुकलेले प्रयत्न संदर्भात साठलेले असतात आणि तो त्यांच्याकडेच परत वळतो. त्याच्याकडून पाच ओळी लिहून घ्या: काय केलं, काय चाललं नाही, कशामुळे असं वाटतं. त्या टिपणात घाला, कामाचा तुकडा लहान करा आणि ताज्या मेनवरून नवा एजंट सुरू करा.

जुनी वर्कट्री काढताना फोल्डर सरळ डिलीट करू नका, गिटकडे तिची नोंद राहते आणि ती ब्रँच दुसरीकडे चेकआउट करायला गेलं की अडवते. झालंच असेल तर 'वर्कट्री प्रून'. 'वर्कट्री रिमूव्ह' दिलं आणि गिटने नकार दिला, तर तिथे कमिट न झालेलं किंवा ट्रॅक न झालेलं काहीतरी आहे. 'फोर्स' देण्याआधी ते उघडून बघा. पुष्कळदा त्या पाच ओळींचं टिपण तिथेच पडलेलं असतं. गिट-इग्नोरमधल्या फाइलींसाठी गिट असं थांबत नाही, त्या न विचारता जातात. म्हणून टिपणांचं फोल्डर इग्नोरमध्ये तर नाही ना, ते आजच बघून घ्या.